मेंढीच्या कानातलं घराणं

माझ्या नणंदेचं ठरलेलं लग्न मी मोडलं. घरात बसून, कुणाच्या कानाला लागून नव्हे. देवगाव फाट्यावर, भर रस्त्यात, एका परक्या मेंढीचा कान धरून मोडलं. मेंढी ओरडत होती आणि मी तिच्याहून मोठ्यानं ओरडत होते. आम्हा दोघींत अक्कल कुणाला जास्त होती, असं आज कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत मेंढीकडं बोट दाखवीन. ती निदान कान दुखतोय म्हणून ओरडत होती. मी ओरडत होते ती घराण्याचा इतिहास सापडला म्हणून.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. लोक अजून त्या पोलीस कारवाईला ‘ॲक्शन’ म्हणायचे. ॲक्शनच्या आधी, ॲक्शनच्या नंतर, अशी सगळ्या आयुष्याची वाटणी त्या एका शब्दानं व्हायची. माझं लग्न ॲक्शननंतरचं. सासर वालूरच्या अलीकडच्या एका लहान गावात. घरात सासू, नवरा, लग्नाची नणंद आणि मेंढरं. थोडी कोरडवाहू जमीन होती, पण तिच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मेंढरांकडं बघायचे.

मी शेतकऱ्याच्या घरची. जात एकच, पण माझ्या आज्यानं मेंढरं विकून रान घेतलेलं, आणि बापाच्या काळात आमच्या घरात लोकर कातरायची कातरसुद्धा उरली नव्हती. शिवाय मी पाथरीच्या शाळेत चौथी शिकलेली. थोडं मराठी, थोडं उर्दू, आणि दोन्हींच्या वर ढीगभर गर्व. सासरच्या उंबऱ्यात मापटं लवंडलं तेव्हाच मी मनात ठरवलं होतं की ही अडाणी माणसं आहेत, यांना आपण सुधारायचं.

सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी मला मेंढरांच्या कोंडाळ्यात उभं केलं आणि म्हणाल्या, “आपली गाभण मेंढी कोणती ते दाव.”

मी एक मेंढी दाखवली. तो एडका निघाला.

त्या दिवसापासून मी ‘नांगऱ्याची लेक’. आणि नणंद तर काय, हसून हसून कुडाला टेकली. उंच, सावळी, चालायला वाऱ्यासारखी पोरगी. माझ्यापेक्षा वर्षभरानं लहान असेल, पण बोलायला माझ्या सासूची सासू. मी शेळीचं दूध काढायला बसले की समोर येऊन उकिडवी बसायची आणि गंभीर तोंड करून म्हणायची, “वयनी, ती शेळी हाय हां. पुस्तक न्हाई. पान पलटू नगं, सड वढ.”

मी तिला मनापासून शिव्या द्यायचे. तोंडानं नाही, तोंडानं ‘वन्सं, वन्सं’ करायचे. माझी त्या काळातली एकच इच्छा होती: हिचं लग्न व्हावं आणि ही घरातून जावी. जितकं लांब तितकं बरं.

तिचं लग्न आधी एकदा ठरलेलं होतं. रझाकारांच्या धामधुमीत ती माणसं वऱ्हाडात पळाली आणि पोराचं तिकडंच उरकून वापस आली. माझे सासरेही त्याच वेळी मेंढरं घेऊन वऱ्हाडात गेले होते. मेंढरं परत आली, ते आले नाहीत. तिकडंच तापानं वारले. तेव्हापासून या पोरीला स्थळं येईनात. ठरून मोडलेली, बाप नसलेली. लोक हळू आवाजात विचारायचे आणि मोठ्या आवाजात नाही म्हणायचे.

आणि मग पाथरीकडच्या एका गावचं स्थळ चालून आलं. त्यांचंही मेंढरांचंच घर, पण जमीन बरी, आणि घराच्या अंगणात विहीर. मुलाचा बाप आणि चुलता बघायला आले. आजा रानात मेंढरांमागं होता, तो आला नाही. पोरगी पसंत पडली. नणंदेनं मुलाला कधीतरी वालूरच्या बाजारात पाहिलेलं होतं, असं मला पुढं कळलं. त्या दिवशी मात्र ती एवढंच म्हणाली, तेही मला नाही, हातातल्या कोकराला: “त्येंची हीर अंगणात हाय. उन्हाळ्यात बी घर सोडायचं न्हाई तिथं.”

उन्हाळ्यात आम्ही घर सोडून चाऱ्यामागं नदीकाठानं फिरायचो. तिनं जन्मल्यापासून तेच केलेलं. मी तिचं ते बोलणं ऐकलं आणि मनात म्हटलं, चला, जायला तयार आहे. एवढाच अर्थ मला लागला.

बैठकीत मधल्या माणसानं रिवाजाप्रमाणं विचारलं, “तुमचं देवक कोणतं?”

देवक म्हणजे लग्नाच्या मांडवात ज्या झाडाची डहाळी पुजतात ते. ज्यांचं देवक एक, ती माणसं एका रक्ताची. त्यांच्यात सोयरीक होत नाही. माझ्या लग्नात या घरानं उंबराची डहाळी पुजली होती. मी स्वतः तिला हळद वाहिली होती, डहाळीवरच्या मुंग्या माझ्या मनगटावर चढल्या होत्या, त्यामुळं विसरायचा प्रश्नच नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, “वड.”

मी आतल्या बाजूला भाकरी थापत होते. हात तसाच राहिला.

मुलाकडचे म्हणाले, “आमचं उंबर. मंग जमलं की.”

“आन मूळ गाव?” मधल्या माणसानं पुढं विचारलं.

“आमी फिरती माणसं,” सासूबाई म्हणाल्या. “मेंढरू बसलं तिथं गाव.”

सगळे हसले. कुणी खोदून विचारलं नाही. तेही नवल होतं. आमच्याकडं सोयरीक करताना आजोळच्या आजोळापर्यंत चौकशी करतात, आणि इथं मुलाचा बाप चहाच्या बशीत डोळे घालून बसलेला.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, “आत्याबाई, आपलं देवक उंबर ना?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग चुलीकडं बघितलं. “भाकर करपायली,” म्हणाल्या.

भाकर करपत नव्हती. तिथंच माझं डोकं फिरलं. मला वाटलं, घबाड सापडलं! या घराण्यात काहीतरी काळंबेरं आहे. मूळ गाव सांगत नाहीत, देवक खोटं सांगतात. कुणीतरी पूर्वज चोर असेल, नाहीतर जातीबाहेर टाकलेला असेल. एवढं मला शोधून काढता आलं की झालं. ‘नांगऱ्याची लेक’ म्हणायला सासूबाईंना तोंड राहणार नाही. लग्नाला धोका होईल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. माझं डोकं तेव्हा केसांसाठी होतं.

आता नातवंडं मला विचारतात, आजी, आपलं मूळ गाव कोणतं, आणि उत्तर ऐकायच्या आधी मोबाईल बघतात. मी मात्र त्या वर्षी पाण्याला गेले की विचारी, दळणाला गेले की विचारी, परसाकडं गेले तरी विचारी. बायका माझ्याकडं चमत्कारिक बघायच्या. नव्या सुनेनं नवऱ्याचा पगार नाहीतर दारू विचारावी. ही बया त्याचा खापरपणजा विचारतेय.

गावात एक म्हातारी होती, सगळ्या गावाची आजी. दात नव्हते, पण ज्याच्या त्याच्या घरातलं चावायला तिला दात लागत नसत. तिला मी गुळाचा खडा नेऊन दिला.

“तुज्या सासऱ्याच्या आज्याचा बाप हितं आला,” ती गूळ चघळत म्हणाली. “पूर्णेच्या काठचं कुठलं तरी गाव. दोगं भाऊ हुते. बिरोबाच्या जत्रंत कुणाचा एडका आधी देवापुढं न्यायचा, त्यावरनं भांडले. काठ्या निगाल्या. मंग वायलं झाले. थोरला हिकडं आला, धाकला कुठं गेला देवाला ठावं. मेंढरं वाटून घेतली. खूण बापाची हुती, ती बी वाटून घेतली. एकानं एका कानाला ठिवली, दुसऱ्यानं दुसऱ्या.”

“आणि?”

“आन काय? गूळ संपला.”

एवढंच? चोर नाही, खुनी नाही, वाळीत टाकलेला नाही. एका एडक्यावरून भांडलेले दोन भाऊ. माझी घोर निराशा झाली. पण म्हातारी काहीतरी लपवते आहे, अशी मी माझी समजूत काढली. नुसत्या भांडणासाठी कुणी देवक खोटं सांगतं का?

सासूबाईंना माझ्या तपासाची खबर लागायला वेळ लागला नाही. त्या दिवशी कोकरांचे कान कातरायचे होते. आमच्याकडं प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणी कानाला भोक पाडतं, कुणी चिरतं. आमची खूण म्हणजे कानाचं टोक सरळ उडवायचं आणि खालच्या काठाला शेजारी शेजारी दोन खाचा. डाव्या कानाला. हे काम सासूबाई दुसऱ्या कुणाला करू देत नसत. नणंद कोकरू मांडीत घट्ट धरायची, त्या कातर चालवायच्या, आणि मी तेल-हळद लावायची. तेवढं काम माझ्यावर सोपवण्याइतका त्यांचा विश्वास नवीन नवीन बसला होता.

कातर चालवता चालवताच त्या म्हणाल्या, “गावभर काय इचारीत फिरायलीस?”

“काही नाही. मूळ गाव.”

“कामून? तुला तिथं नांदायला जायचंय?”

नणंद फिसकन हसली.

“माणसाला आपलं घराणं माहीत पाहिजे, आत्याबाई,” मी म्हटलं. हे वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं.

“असं व्हय.” त्यांनी माझा हात ओढला आणि रक्तानं ओला झालेला कोकराचा कान माझ्या बोटांत दिला. “हे बग. हेच घराणं. ही खूण दुसऱ्या कुणाच्या मेंढरावर दिसली, तर आपलं मेंढरू चोरलेलं हाय आसं समजायचं. ह्याच्या म्होरं तुला कायबी कळायची गरज न्हाई. आन पुन्यांदा त्या म्हातारीच्या दारात दिसलीस तर तुजाच कान कातरीन.”

त्यांच्या हातात कातर होती, म्हणून मी पुढं बोलले नाही. पण शब्द नीट ध्यानात ठेवले. ध्यानात ठेवण्यात मी पहिल्यापासून हुशार, समजण्यात नाही.

चैत्रात लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही सेलूला गेलो. सासूबाई, नणंद आणि मी. नवरा मेंढरांकडं राहिला. मेंढरं त्या वर्षी सासूबाईंनी हट्टानं उत्तरेकडं धाडली होती. दरवर्षीची दक्षिणेची वाट सोडून असं का, म्हणून नवऱ्यानं विचारलं तर त्याला म्हणाल्या, “माय मी हाय का तू?”

बस्ता बांधून झाला. नणंदेची हिरवी साडी, तिच्यावर पिवळी, सासरच्या बायकांची लुगडी, सगळं एका गठुड्यात बांधून तिनं ते स्वतःच्या काखेत घेतलं. दुकानापासून मोटारीपर्यंत आणि मोटारीत बसल्यावरही तिनं ते कुणाला धरू दिलं नाही. त्या दिवशी ती मला एकदाही काही लागेलसं बोलली नाही. उलट मोटारीत म्हणाली, “वयनी, तुला हिरवं चांगलं दिसल. माजं जुनं लुगडं ठिवून जाईन मी, ते घे.” मी तोंडात आलेलं हसू दाबलं. जाते आहे म्हणून मऊ झाली, असं मला वाटलं, आणि ते खरंही होतं. पण त्यात माझा विजय कसला होता?

देवगाव फाट्यावर मोटार थांबली. पुढं रस्ताभर मेंढरं. काळी, धुळीनं तपकिरी झालेली, रस्ता भरून रेंगाळणारी. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, पोरं हुर्र हुर्र करताहेत, आणि मेंढरांना कशाचीच घाई नाही. लोक खाली उतरले. मीही उतरले. हॉटेलच्या पालापाशी एक मेंढी माझ्याकडं तोंड करून उभी राहिली.

टोक उडवलेलं. खाली दोन खाचा.

मी तिचा कान धरला.

“ए! कुणाची मेंढरं ही? थांबवा! ही मेंढी आमची आहे!”

काठीवाला पोरगा धावत आला. “सोड गं! तुज्या बापाची हाय का?”

“माझ्या सासऱ्याची आहे! चोरलीय तुम्ही! ही बघा खूण!”

“जबान सांबाळून बोल हां. चोर कुणाला म्हणायलीस?”

“तुला! आणि तुझ्या सगळ्या कळपाला!” असं मी खरंच म्हणाले. कळपाला चोर म्हणाले. मेंढरांनी वर बघितलंसुद्धा नाही.

माणसं जमली. हॉटेलवाला हातातली किटली घेऊनच पुढं आला. गर्दीतून घोंगडी पांघरलेला एक म्हातारा आला, पांढऱ्या मिशांचा. त्यानं मेंढीच्या कानाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मग माझ्या खांद्यावरून पाठीमागं. पाठीमागं सासूबाई मोटारीतून उतरत होत्या. दोघांची नजर मिळाली आणि दोघांनीही खाली घातली.

“जाऊ द्या,” म्हातारा हळू म्हणाला. “पोर हाय. चुकलं आसंल. जावा बाई तुमी, मोटार सुटंल.”

आता खऱ्या चोराला चोर म्हटलं तर तो इतका नरम बोलेल का? मला वाटलं, चोरच बोलेल!

सासूबाईंनी माझा दंड पकडला. “सोड तो कान.”

“आत्याबाई, तुम्हीच म्हणालात ना? ही खूण दुसरीकडं दिसली तर चोरलेलं समजायचं?”

“म्या काय बी म्हणलं आसंल. सोड म्हणते ना!”

“अहो पण आपली मेंढी...”

“आपली न्हाई ती! चल!”

“बघितल्याशिवाय कशावरून?” मी मेंढीचं तोंड आणखी वर ओढलं. “डाव्या कानाचं टोक आणि दोन खाचा. अख्ख्या मुलखात दुसऱ्या कुणाची नाही.”

हॉटेलवाला वाकून बघायला लागला. “बाई, तुमचा डावा का?”

“डावा!”

“मंग डावा धरा की. तुमी धरलाय तो उजवा हाय.”

मेंढी समोर उभी. तिचा उजवा कान माझ्या डाव्या हाताला. चौथी शिकलेली मी!

लोक असे हसले की मोटारीतली उरलेली माणसंही खिडकीतून बाहेर डोकावली. काठीवाल्या पोरानं तर जमिनीवर बैठक मारली. “आरं, हिला आदी डावंउजवं शिकवा रे, मंग पोलिसात धाडू!”

त्याच क्षणी मी गप्प बसले असते तर हसं होऊन निभावलं असतं. सासूबाई मला ओढत होत्या. म्हातारा काठीनं मेंढरं हाकायला लागला होता. ‘अडाणी सून, चुकली बिचारी’ यापलीकडं कुणाला काही सुचलं नव्हतं. पण मला सुचलं. मला हसलेले लोक सहन होईनात, आणि नेमकं तेव्हाच मला गुळाच्या खड्याची आठवण झाली.

“थांबा!” मी ओरडले. “उजवा? मग तुम्ही धाकट्या भावाचे! दोघा भावांनी खूण वाटून घेतली, थोरल्यानं डावा कान, धाकट्यानं उजवा! आत्याबाई, सापडला! दुसरा भाऊ सापडला! ही आपली भावकी आहे!”

ड्रायव्हरनं भोंगा थांबवला.

मी चौफेर बघितलं, शाबासकीची वाट बघत. खरंच सांगते, मला वाटलं आता तो म्हातारा मला पोटाशी धरील.

काठीवाल्या पोराचं हसणं अर्ध्यात राहिलं होतं. “आजा,” तो म्हाताऱ्याला म्हणाला, “ही वालूरकडची माणसं न्हवं का? दादाला जी पोरगी करायलो ती ह्येंचीच? आन ही बया भावकी काय म्हणायली?”

म्हातारा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला आणि घोंगडी डोक्यावरून घेतली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “आरारा, म्हंजी भाऊ-बहीण की.” आणि दुसरं कुणी, “बरं झालं, येळंवर कळलं.” ते शब्द एका माणसाकडून दुसऱ्याकडं गेले. परत घेण्यासारखं त्यात आता काही उरलं नव्हतं.

नणंद मोटारीच्या पायरीवर उभी होती. तिनं काखेतलं गठुडं काढलं, खाली धुळीत ठेवलं आणि आत जाऊन बसली. मी ते उचललं. घरी पोचेपर्यंत ते माझ्याच मांडीवर होतं.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं होतं. चुलीपुढं बसून अगदी साध्या आवाजात बोलल्या, जसं काही मिठाचा भाव सांगताहेत.

“मला ठावं न्हवतं आसं वाटलं तुला? गेल्या साली नदीला त्येंची मेंढरं बघितली म्या. उजवा कान बघितला. त्या म्हाताऱ्याला पाथरीच्या बाजारात गाठून म्या सोता इचारलं. त्यो म्हणला, किती पिड्या झाल्या, आता कोण कुणाचा भाऊ? आडनावं बदलली, गावं बदलली. म्या म्हणलं, तुमी उंबर सांगा, आमी वड सांगतो. लगीन हुईस्तवर तुमची मेंढरं तिकडं, आमची हिकडं. ह्या पोरीला दुसरं कोण करणार हाय? आन तू...” त्या थांबल्या. “लिवायवाचायला शिकीवलं तुला. गप बसायला शाळंत कुणीच शिकीवलं न्हाई का गं?”

मी म्हटलं, “मला काय माहीत? तुम्ही सांगायचं होतं.”

“तुला? नांगऱ्याच्या लेकीला?”

आणि त्यातही मला रागच आला, बरं का. पश्चात्ताप नाही. मी रात्रभर कुढत राहिले की एवढं मोठं कोडं मी सोडवलं आणि कुणाला कौतुक नाही.

जातीचे पंच बसले. लिंबाखाली दोन्ही घरची माणसं समोरासमोर. पंचांनी एक डावा कान मागवला, एक उजवा. दोन्ही मेंढ्या मध्ये उभ्या केल्या आणि एकमतानं सांगितलं, भावकी. लग्न होणार नाही.

मग भांडणाला जोर चढला. त्यांच्याकडचे म्हणाले, आम्हाला भर फाट्यावर चोर म्हटलं, त्याची माफी मागा. आमच्या सासूबाई म्हणाल्या, भावकी तर भावकी. मग आम्ही थोरल्या भावाची पाती, मान आमचा, माफी धाकट्यांनी मागायची. झालं. त्या उन्हाळ्यात बिरोबाच्या जत्रेत दोन्ही घरचे एडके एकाच वेळी देवापुढं आले आणि कुणाचा आधी यावरून काठ्या निघाल्या. इतक्या पिढ्यांनी भांडण जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं चालू झालं, आणि ते जोडून देणारी मी. माझ्या नवऱ्याचं मनगट त्यात मोडलं. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मनगटामुळं नाही म्हणाला, असंच.

नणंद मात्र काहीच बोलेना. दूध काढताना मला टोचून बोलणं बंद झालं. मी चुकीचा सड ओढला तरी ती बघायची नाही. घरातलं तिचं तोंड बंद व्हावं म्हणून मी देवाला नवस बोलले होते. तो असा फळला. पुढं काही वर्षांनी तिला परतूरकडं एका बिजवराला दिलं. माणूस वाईट नव्हता. त्याच्या घरी विहीर नव्हती.

पण ते नंतरचं. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी पंचांना कुठून तरी शहाणपण सुचलं. दोन्ही घरं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, जत्रेत डोकी फोडतात, हे जातीला शोभत नाही. भावकी ठरलीच आहे, तर भावकीसारखं वागा. त्यांच्या थोरल्या मुलानं भाऊबीजेला आमच्याकडं यावं आणि आमच्या मुलीनं त्याला ओवाळावं. म्हणजे मन साफ होईल.

थोरला मुलगा म्हणजे तोच. नवरा होणार होता तो.

तो आला. पांढरा सदरा, नवी टोपी, पायात चपला कोऱ्या. मी त्याला पहिल्यांदा जवळून पाहिलं. अंगानं भरलेला, लाजाळू. दारात चपला काढताना एक चप्पल त्याच्या पायातून निघेना. सासूबाईंनी पाट मांडला. नणंदेनं तबक घेतलं. मी दारामागं उभी होते आणि माझ्या हातात काही काम नव्हतं, म्हणून मी उगाच दाराची कडी वरखाली करत होते.

तिनं त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. मग निरांजन उचललं. त्याचा श्वास असा जोरात चाललेला की वात हलत होती. तिनं एकदा, दोनदा, तीनदा ओवाळलं. त्यानं एकदाही वर बघितलं नाही.

“काय आणलंस बाबा बहिणीला?” सासूबाईंनी विचारलं. हे प्रत्येक भाऊबीजेला विचारतातच. त्या दिवशी ते विचारायला त्यांना किती जोर लागला असेल, ते मला आता या वयात कळतं. तेव्हा मला वाटलं, म्हातारी मुद्दाम बोलतेय.

त्यानं सदऱ्याच्या आतून चोळीचा खण काढून तबकात ठेवला. हिरवा, जरीच्या काठाचा. चांगल्यातला होता. भाऊबीजेला इतका चांगला कुणी आणत नाही. मला वाटतं, तो आधीच घेऊन ठेवलेला असावा, कशासाठी ते सांगायला नको.

त्यानं करंजीला हात लावला नाही. पाणी प्यायला, सासूबाईंच्या पाया पडला आणि उठला. कोऱ्या चपलांचा आवाज बांधाच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.

मी परसात भांडी घासायला बसले. थोड्या वेळानं नणंद आली. तिच्या हातात तो खण होता. घडी तशीच होती. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, राख लागलेल्या माझ्या हातांची पर्वा न करता तो खण माझ्या ओटीत ठेवला, आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली.

“घे वयनी. भाऊ तू हुडकून आणलास न्हवं? मंग ह्येची चोळी बी तूच शिव, आन घाल बी तूच.”